गर्भात दात घडताना कर्बोदकांचं काम फक्त ऊर्जा पुरवण्याचं असतं का?

नाही. ऊर्जा हे एक काम झालं, पण आकार देणं आणि पेशींमधले निरोप पोचवणं ही कामं मला त्याहून महत्त्वाची वाटतात. मी मौखिक ऊतिशास्त्र शिकवतो, आणि हा भाग पुस्तकांत दोन ओळींत उरकलेला पाहून वाईट वाटतं.

साधारण सहाव्या आठवड्यात भावी जबड्याच्या अस्तराची एक पट्टी आत शिरते आणि तिला कोंब फुटतात. कोंबाची पुढे टोपी होते, मग घंटा. त्यातल्या इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, घडवणाऱ्या भागाच्या आत रक्तवाहिन्या नसतात, ग्लुकोज बाहेरून झिरपत येतं. म्हणून तिथल्या पेशी ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजच्या जोडलेल्या साखळ्या, साठवतात. पीएएस हा कर्बोदकं दाखवणारा रंग दिलेल्या, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर हा साठा गडद किरमिजी दिसतो. खात्री करायची तर दुसऱ्या काचपट्टीवर रंगाआधी चक्क लाळ टाकायची! लाळेतलं अमायलेज ग्लायकोजेन पचवतं आणि तेवढा किरमिजी रंग उमटत नाही. आतल्या थरातल्या पेशी इनॅमल बनवण्याच्या तयारीला लागल्या की त्यांच्यातला साठा घटत जातो. उंदरांच्या दाढांवरच्या प्रयोगांत ग्लुकोज पेशीत आणणाऱ्या ग्लूट-१ प्रथिनाला अडवलं, तर दाढा लहान झाल्या.

आता आकाराचं बघा. घंटेच्या मधल्या भागात, म्हणजे स्टेलेट रेटिक्युलममध्ये, ग्लायकोसअमिनोग्लायकॅन नावाच्या लांबलचक शर्करा-साखळ्या असतात. त्यांच्यावर ऋण भार असल्यामुळे त्या पाणी ओढून धरतात. पेशी एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात, फक्त टोकांशी जोडलेल्या राहतात, म्हणून त्या चांदणीसारख्या दिसतात. पाण्यानं फुगलेला हा भाग वाढत्या दाताला जागा राखून ठेवतो.

निरोपांचं काम मुख्यतः हेपॅरान सल्फेटचं, हीसुद्धा अशीच एक शर्करा-साखळी. दात घडतो तो अस्तर आणि त्याखालची ऊती यांच्या देवाणघेवाणीतून, आणि त्यातले एफजीएफ हे वाढीचे संकेत देणारे प्रथिन-रेणू हेपॅरान सल्फेटच्या मदतीशिवाय आपल्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, नीट चिकटत नाहीत. कोंबाभोवती दाटी करणाऱ्या पेशींवर सिंडेकॅन-१ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन भरपूर दिसतं, त्यावरही ह्याच साखळ्या असतात.

आईनं गोड खाल्लं तर बाळाचे दात किडतील का, हेही तुम्ही विचारलंय. तसं होत नाही. कीड लागायला तोंडातल्या जिवाणूंनी साखरेपासून आम्ल बनवून ते उगवलेल्या दातावर सोडावं लागतं. हिरडीखालच्या कोंबापर्यंत हे जिवाणू पोचत नाहीत. वर सांगितलेल्या साखळ्याही खाल्लेल्या साखरेतून थेट येत नाहीत, पेशी त्या स्वतः विणतात.