ऑइल पंपचे सील नवे टाकले, तरी घाटात प्रेशर का पडतं?

दादा, सगळ्यात आधी, पंप पुन्हा बदलू नका. तुम्ही लिहिलंय की दहा टायर गाडीचा ऑइल पंप आणि त्याचे सगळे सील महिन्यापूर्वीच नवे टाकले. तरी सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइल प्रेशरचा काटा उशिरा उठतो, बिजासन घाट चढताना खाली येतो आणि पुढे पुलीमागून तेल ओघळतं. मिस्त्री म्हणतात, पंपच खराब निघाला. मी धुळ्याला हायवेवर बावीस वर्षं इंजिनं उघडतोय. माझ्या मते ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही सील बसवण्यातली आहेत. पुलीमागचं तेल डोळ्यांना दिसतं म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. इंजिन जाम करतं ते दुसरं दुखणं, प्रेशर पडण्याचं.

ऑइल पंप चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतलं, तेल आधी ओढतो, मग ढकलतो. ओढणाऱ्या बाजूला जाळीचा पाइप पंपाला जोडलेला असतो. त्या जोडावरची ओ-रिंग (रबराची गोल कडी) किंवा पॅकिंग नीट बसलं नाही, तर खाली एक थेंबही पडत नाही. उलट तिथून हवा आत जाते. आमचे उस्ताद अहिराणीत म्हणायचे, "पंप तेल नही पी ऱ्हायना, हवा पी ऱ्हायना." म्हणजे पंप तेल पीत नाही, हवा पितोय. सपाट रस्त्यावर तो जोड तेलात बुडालेला असेल तर काही कळत नाही. चढणीला तेल चेंबरच्या मागच्या टोकाला सरकतं, जोड उघडा पडतो आणि काटा पडतो. रात्रभर उभ्या गाडीत त्याच फटीतून हवा शिरून पाइपातलं तेल खाली उतरतं, म्हणून सकाळचा उशीर.

चेंबर न उतरवता याची खात्री करता येते. आधी डिपस्टिकवर तेल पूर्ण आहे ना ते बघा. मग दीड-दोन लिटर जास्त टाका आणि उभ्या गाडीत फक्त आयडलला, म्हणजे रेस न देता, चालवा. काटा आता लगेच उठला, तर ओढणाऱ्या बाजूचा जोडच हवा घेतोय असं समजा. जास्तीचं तेल लगेच काढून टाका. तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका, क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) तेलात फिरून फेस करतो.

हे मी इतक्या पोटतिडकीनं सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सावद्याहून केळी भरून निघालेली एक गाडी शिरपूरच्या पुढे बसली. चार दिवसांपूर्वी तिचा पंप मीच बसवला होता. ओ-रिंग सुट्या डब्यातून उचलली होती. गोलाई जुळली, पण जाडी मी मोजली नाही. ती अर्धा मिलिमीटर कमी भरली. बिग एंडचा शेल (क्रँकवरची बेरिंग) फिरला आणि माल भर उन्हात दुसऱ्या गाडीत भरावा लागला. मालकाचं नुकसान मी भरून दिलं. तेव्हापासून व्हर्निअरनं जाडी मोजल्याशिवाय मी ओ-रिंग बसवत नाही.

ओ-रिंग इंजिनाच्या पार्ट नंबरचीच घ्या. दुकानाबाहेर खिळ्याला टांगलेली घेऊ नका, आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होतं. बोटांनी ताणून बघा, बारीक चिरा दिसल्या तर परत द्या. खाच कापडानं पुसा, स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नका. रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा आणि पाइप सरळ आत ढकला. फिरवत घातला तर रिंग पिळवटते. आता बहुतेकांची चूक होते ती जागा: पाइपाला मध्ये एक क्लॅम्प असतो. तो आधी आवळला की पाइप ताणला जातो आणि फ्लँज (पाइपाच्या टोकाची बोल्टची पट्टी) एका बाजूनं केसभर उघडी राहते. सगळे बोल्ट आधी हातानं लावा, मग फ्लँजचे टॉर्क पान्ह्यानं आळीपाळीनं आवळा, क्लॅम्प सगळ्यात शेवटी. या जोडाला सिलिकॉन अजिबात लावू नका. आत दबलेला तुकडा सुटला तर थेट पंपात जातो.

आता पुलीमागचं तेल. बऱ्याच इंजिनांत पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर असतो आणि फ्रंट सील पंपाच्या बॉडीतच बसतो. नवा सील दाबण्याआधी क्रँकवर नख फिरवा. नख अडकलं तर जुन्या सीलनं तिथं खाच पाडलीय, नवा सीलही गळणारच. त्यावर पातळ स्लीव्ह चढवून घ्या. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. सील हातोडीनं कडेकडेनं ठोकू नका, त्याच्याच मापाची रिंग ठेवून सपाट दाबा. सीलमागे तेल परत जायचं भोक असेल तर ते झाकू नका. सीलची लिप, म्हणजे क्रँकला टेकणारी आतली कड, रबरी असेल तर तिला तेल लावायचं. पण टेफ्लॉनची, बिनस्प्रिंगची लिप असेल तर सील आणि क्रँक दोन्ही कोरडे ठेवायचे आणि पॅकेटवर लिहिलेला वेळ जाईपर्यंत इंजिन स्टार्ट करायचं नाही. हे करूनही गळत असेल तर ब्रीदरचा, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारा, पाइप बघा. तो चोंदला की चेंबरमध्ये दाब साठतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडतं.

सगळं जोडल्यावर फिल्टर तेलानं भरून लावा आणि पंपाच्या तोंडात तेल ओता. डिझेल बंद ठेवून सेल्फ थोडा थोडा मारा, मध्ये थांबा. काटा हलल्यावरच इंजिन चालू करा. चालू झाल्यावर दहा-पंधरा सेकंदांत प्रेशर आलं नाही तर बंद करा, रेस देऊन बघू नका, टर्बोची बेरिंगं आधी जातात. गरम इंजिनाला आयडलला साधारण एक केजी (चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब) आणि चालताना तीन ते पाच केजी दिसायला हवं, तरी तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला आकडाच खरा धरा.

चेंबर उतरवलात की जाळीच्या पाइपाच्या फ्लँजचा आणि निघालेल्या ओ-रिंगचा फोटो इथे टाका. रिंग एका बाजूला चपटी आणि दुसऱ्या बाजूला गोल असेल, तर तिथूनच हवा जात होती.