बाळाचे जेवण विमानात चढलेच नाही. दाद कुठे मागायची?

प्रश्न: इंदूरच्या लोकमान्य नगरमधून एका भगिनींनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्याचा सारांश असा. गेल्या डिसेंबरात त्या नऊ महिन्यांच्या मुलीला आणि सासूबाईंना घेऊन इंदूरहून दिल्लीमार्गे लंडनला पतीकडे गेल्या. जाण्यायेण्याचे एकच तिकीट इंदूरमधील एजंटाकडून काढले होते. प्रवासाच्या दहा दिवस आधी त्यांनी ‘बेबी मील’ सांगितले होते आणि ‘मील कन्फर्म आहे’ असा एजंटाचा ई-मेल त्यांच्याजवळ आहे. दिल्लीला सगळे प्रवासी विमानात बसल्यावर धुक्यामुळे साडेचार तास विमान जागचे हलले नाही. सोबत आणलेले नाचणीचे सत्त्व आणि दोन वेळचे पावडरचे दूध त्यातच संपले. उड्डाणानंतर बाळाचे जेवण मागितले, तेव्हा ‘या फ्लाइटवर ते लोड झालेले नाही’ असे उत्तर मिळाले आणि गरम पाण्याबरोबर मोठ्यांच्या ताटातला मसालेदार पनीर-भात पुढे करण्यात आला. लंडनला उतरल्यावर मुलीला खासगी डॉक्टरांकडे न्यावे लागले आणि तिच्या शरीरातील पाणी कमी झाल्याचे निदान झाले. विमान कंपनीने खेद व्यक्त करून ५,००० रुपयांचे व्हाउचर देऊ केले आहे. मात्र ते ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ म्हणून स्वीकारावे लागेल. एजंटाने हात वर केले आहेत. दीर म्हणतात, वीस लाखांचा दावा ठोका. बाळाला जेवण देणे कंपनीवर बंधनकारक नाही का, व्हाउचर घ्यावे का आणि इंदूरमध्ये राहून दाद मागता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार. आपला दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्यात चूक झाली तर बाकीच्या प्रश्नांना फारसा अर्थ उरणार नाही. कंपनीने पाठवलेल्या व्हाउचरच्या दुव्यावर ‘स्वीकारले’ असे बटण आहे, ते दाबू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६३ नुसार ज्याला येणे आहे, तो त्याऐवजी स्वतःला योग्य वाटेल ती भरपाई स्वीकारून समोरच्याला मोकळे करू शकतो, आणि ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द कंपनीने नेमके त्याचसाठी घातले आहेत. फसवणूक, दिशाभूल किंवा गैरवाजवी दबाव यांखाली दिलेली अशी पावती ग्राहकाला बांधत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या प्रकरणात १९९९ साली सांगितले आहे. परंतु घरी निवांत बसून, मजकूर वाचून दाबलेल्या बटणाला दबाव म्हणणे अवघड जाईल. व्हाउचर केवळ सदिच्छा म्हणून, कोणताही हक्क न सोडता मिळत असेल तरच विचार करू, असे दोन ओळींचे उत्तर ई-मेलने पाठवा आणि त्याची प्रत ठेवा.

आता पहिला प्रश्न. विमानात बाळासाठी वेगळे जेवण ठेवलेच पाहिजे, असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. उलट नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, पिण्याचे पाणी वगळता खाद्यपेयांसाठी तिकिटाखेरीज वेगळे पैसे घेण्याची मुभा विमान कंपन्यांना दिलेली आहे. आपल्या दिरांनी ज्या १९९२ च्या अर्भक आहारविषयक कायद्याचा उल्लेख केला आहे, तो दुधाची पावडर, बाटल्या आणि डबाबंद बालान्न यांच्या जाहिरातीला, मोफत नमुन्यांना व विक्रीच्या प्रलोभनांना आळा घालण्यासाठी झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांचा विचार त्यात असला तरी प्रवासात त्यांना जेवू घालण्याचे कर्तव्य तो कोणावर टाकत नाही, त्यामुळे त्याचा आधार या प्रकरणात घेऊ नये.

मग आपला हक्क येतो कोठून? तो येतो दिलेल्या शब्दातून. कंपनीने बाळाचे जेवण देऊ असे मान्य केले असेल, तर ती सेवा कराराचा भाग झाली, आणि मान्य केलेली सेवा न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे सेवेतील त्रुटी ठरते. मग ते जेवण फुकट होते की विकत, याने फरक पडत नाही, कारण तिकिटाच्या मोबदल्यातच ते येते. म्हणून सगळा प्रश्न एका मुद्द्यावर येऊन ठेपतो: कंपनीने खरोखर होकार दिला होता, की आपली मागणी नुसती नोंदवून ठेवली होती?

एजंटाचा ई-मेल एवढ्यावर विसंबू नका. त्याच्याकडे जाऊन आपल्या आरक्षणाची मूळ नोंद छापून मागा. त्या कागदावर प्रवाशांच्या नावांखाली विशेष सेवांच्या ओळी असतात आणि बाळाच्या जेवणाची ओळ ‘बीबीएमएल’ या चार अक्षरांनी ओळखता येते. त्याच ओळीत दोन अक्षरांची आणखी एक खूण असते. ती ‘एचके’ किंवा ‘केके’ असेल तर कंपनीने मागणी पक्की केली होती, असे समजावे. ‘एनएन’ किंवा ‘पीएन’ असेल तर मागणी गेली होती, पण होकार आला नव्हता. आणि ‘यूएन’ वा ‘यूसी’ असेल तर कंपनीने चक्क नकार कळवला होता आणि तरीही आपल्याला ‘कन्फर्म’ लिहिण्यात आले, असा त्याचा अर्थ होतो. दोन विमानांचा प्रवास असल्यामुळे ही ओळ प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी पाहावी लागेल. इंदूर–दिल्ली या टप्प्यावर पक्की आणि दिल्ली–लंडन या टप्प्यावर अधांतरी, असे निघाले तर खटल्याचा रोखच बदलेल. वरकरणी क्षुल्लक दिसणाऱ्या या दोन अक्षरांवर माझे निम्मे उत्तर अवलंबून आहे, म्हणून एवढा विस्तार केला.

खूण पक्की असेल तर मुख्य जबाबदारी कंपनीची. नसेल तर एजंटाची, कारण एरवी तो कंपनीचा मध्यस्थ म्हणून मागे उभा राहू शकला, तरी न मिळालेला होकार मिळाला असे लिहिणे ही त्याची स्वतःची चूक आहे. कागद हाती येईपर्यंत कोणालाही मोकळे सोडू नये. तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याचे काम त्यांना ग्राहक आयोगासमोरच करावे लागेल.

साडेचार तासांचा विलंब हा वेगळा आणि माझ्या मते आपल्या बाजूचा अधिक भक्कम मुद्दा आहे. धुक्याला कंपनी जबाबदार नाही. पण डीजीसीएच्या नियमांनुसार पाच तासांहून लांबच्या उड्डाणाला चार तास किंवा त्याहून अधिक विलंब होत असेल, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला प्रतीक्षेच्या मानाने जेवण व अल्पोपहार द्यावा लागतो. इंटरग्लोब एव्हिएशन विरुद्ध एन. सच्चिदानंद या २०११ च्या निकालातील प्रसंगही दिल्लीच्या धुक्याचाच होता. विलंबाचा दोष सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दिला नाही आणि प्रवाशाला मिळालेली भरपाईही रद्द केली. मात्र थांबलेल्या विमानात अडकलेल्या प्रवाशांना पाणी, खाणे आणि स्वच्छतागृह यांची किमान सोय देणे हे कंपनीचे कर्तव्य असून स्वस्त दराची कंपनीही ते झटकू शकत नाही, असे स्पष्ट केले. त्या साडेचार तासांत मोठ्यांना काय वाटले गेले आणि बाळासाठी आपण काही मागितले होते का, हे आपल्या पत्रात नाही. ते आठवून वेळेसह लिहून काढा, कारण नऊ महिन्यांच्या मुलीला खाता येणार नाही असा पदार्थ पुढे करणे म्हणजे तिची सोय करणे नव्हे, हा युक्तिवाद मला त्यावरच उभा करावा लागेल.

इंदूरमध्ये दाद मागता येईल का, याचे उत्तर होय. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे तिकिटावर दुसऱ्या शहराच्या न्यायालयांचा उल्लेख असला तरी घाबरू नये. मुलीच्या वतीने आई किंवा वडील तक्रारदार होऊ शकतात, आणि आई-वडील व मूल असे दोघेही ग्राहक ठरतात, हे स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल विरुद्ध हरजोल अहलुवालिया या १९९८ च्या निकालापासून पक्के आहे. म्हणून तक्रार दोघींच्या नावाने करावी.

प्रवास आंतरराष्ट्रीय असल्यामुळे एक गाठ मात्र आहे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील कंपनीच्या जबाबदारीविषयीचा १९९९ चा माँट्रियल करार भारताला ३० जून २००९ पासून लागू आहे आणि १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो समाविष्ट आहे. शारीरिक इजा आणि विलंब यांबद्दलचे दावे त्याच्याच चौकटीत करावे लागतात, असे कंपनीचे वकील म्हणतील. त्याला माझी उत्तरे दोन. अशा करारांखालील दावेही ग्राहक आयोग ऐकू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केले आहे. शिवाय त्या करारात दावा ‘गंतव्य स्थानी’ही लावता येतो, आणि जाण्यायेण्याचे तिकीट एकाच करारातले असले की कायद्याच्या दृष्टीने अंतिम गंतव्य लंडन नसून जेथून निघालात ते इंदूरच धरले जाते. एजंटाने दोन वेगळी तिकिटे काढली असती तर हा लाभ गेला असता.

विरुद्ध पक्षाकडून एक प्रश्न हमखास येईल: एवढ्या लहान बाळाला घेऊन निघताना जास्तीचे अन्न का नेले नाही? इंदूरची माणसे भरला डबा न घेता प्रवासाला निघतात, यावर आपल्या आयोगातही कोणी सहज विश्वास ठेवणार नाही. पत्रासोबत पाठवलेल्या अटींत ‘पालकांनी बाळाचे अन्न सोबत बाळगावे’ असे वाक्यही आहे. दिल्लीला शंभर मिलिलीटरच्या मर्यादेमुळे नेता आले नाही, असे मात्र सांगू नका. प्रवासापुरत्या बाळाच्या दुधाला व अन्नाला त्या मर्यादेतून सूट आहे आणि आपले सत्त्व व दूध कोणी अडवलेही नव्हते. खरे उत्तर अधिक चांगले आहे: नेहमीच्या प्रवासाला पुरेल एवढे नेले होते, उड्डाणातील एका वेळेसाठी कंपनीच्या शब्दावर विसंबलो होतो, आणि न सांगता आलेल्या साडेचार तासांनी ते संपवले. तेवढेच शपथपत्रात लिहावे.

दिरांच्या वीस लाखांबद्दल. जिल्हा आयोगाची ५० लाखांची मर्यादा आणि तक्रारीचे शुल्क ही दोन्ही मागितलेल्या रकमेवर नव्हे, तर आपण मोजलेल्या मोबदल्यावर ठरतात. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कच नाही. म्हणून आकडा फुगवण्याचा मोह अनेकांना होतो. पण सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याचे ओझे तक्रारदारावर असते आणि फुगवलेला आकडा पहिल्याच तारखेला आपल्यावरचा विश्वास कमी करतो. डॉक्टरांचे बिल, औषधांचा खर्च, बाळाच्या तिकिटाची रक्कम, मानसिक त्रासापोटी पन्नास हजार आणि तक्रारीचा खर्च, एवढी मागणी मी सुचवीन. बिलाचा भागही आपोआप मिळणार नाही: शरीरातील पाणी अन्न न मिळाल्यामुळे कमी झाले, हे डॉक्टरांच्या कागदावर दिसले पाहिजे. ‘आहार कमी झाल्याचा इतिहास’ अशा अर्थाची नोंद त्यात नसेल तर त्यांच्याकडून आत्ताच लेखी मागवा.

पुराव्यासाठी सासूबाईंचे शपथपत्र लागेल आणि शेजारच्या आसनावरील ज्या गृहस्थांनी मुलीला केळे दिले, त्यांचा संपर्क असेल तर त्यांचेही. ई-मेलच्या छापील प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे. ग्राहक आयोग साक्ष्य कायद्याने काटेकोर बांधलेला नसला तरी त्यामुळे एक आक्षेप कमी होतो. कंपनीला पाठवायच्या नोटिशीत त्या उड्डाणावर कोणती व किती जेवणे चढवली, याची नोंद जपून ठेवण्याची मागणी करा. तिने ती दिली नाही, तर कागदपत्रे हजर करवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला २०१९ च्या ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली आहेत.

कमी कटकटीचा मार्ग म्हणून कोणी आपल्याला स्थायी लोक अदालत सुचवील. हवाई प्रवासी वाहतूक तिच्या कक्षेत येते आणि तेथे शुल्कही नाही. तथापि तेथे अर्ज केल्यावर त्याच वादासाठी दुसऱ्या न्यायालयात जाता येत नाही आणि तेथील निवाडा अंतिम असतो. बीबीएमएलची खूण पक्की निघाली तर आपण ग्राहक आयोगातच जावे, असे माझे मत आहे.

मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक कायद्याच्या कलम ६९ मध्ये पुरेशा कारणासाठी उशीर माफ होऊ शकतो, पण माँट्रियल कराराच्या अनुच्छेद ३५ मध्ये विमान पोचल्यापासून दोन वर्षांनी हक्कच संपुष्टात येतो, असे शब्द आहेत. म्हणून लंडनला उतरल्याची तारीख हीच पक्की धरा. नोटीस दोघांनाही पोचपावतीच्या डाकेने व ई-मेलने पाठवा, पंधरा दिवस थांबा आणि नंतर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार दाखल करा. दाखल करून घेतल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. नोटिशीचा मसुदा मी करून देईन. त्याआधी एजंटाकडची ती छापील नोंद मला पाठवा.