आधी एक वही घे

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी मिळालं. संस्थेचं नाव ठरलंय, सात जणांच्या सह्या झाल्यात, आता धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कागद दिले की कैद्यांसाठी काम सुरू, असं तू लिहिलंस. तुझ्या वयाचं कुणी तुरुंगाकडे वळतंय हे वाचून मला किती बरं वाटलं ते पत्रात सांगता येणार नाही. तरीही माझं पहिलं म्हणणं तुला आवडणार नाही. नोंदणीचे कागद वर्षभर कपाटात ठेव. आधी एक शंभर पानी वही घे.

ती वही कशासाठी, ते सांगते.

परिवीक्षा अधिकारी, म्हणजे कोर्टासाठी आरोपीच्या घरची चौकशी करून अहवाल देणारी प्रोबेशन ऑफिसर, म्हणून नोकरीला लागले तेव्हा मी तुझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी होते. एकदा मराठवाड्यातल्या एका कारागृहात दुसऱ्याच एका बंद्याच्या चौकशीसाठी गेले होते. काम आटोपून निघाले, तेवढ्यात बरॅकीच्या दाराशी उभा असलेला एक माणूस म्हणाला, "मॅडम, माझं काय झालं, कव्हा सुटका हाय?" बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार होता. मी घाईत होते. "तुमच्या वकिलाला विचारा," म्हणाले आणि निघून आले. त्याला वकील कोण दिलाय हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं! तीन महिन्यांनी पुन्हा गेले तर तो तिथंच. त्या वेळी मात्र मी कोर्टात जाऊन त्याची फाइल काढायला लावली. माझ्या पहिल्या भेटीच्या आधीच त्याला जामीन झालेला होता. पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता. बायको आणि भाऊ टोळीबरोबर कारखान्यावर गेलेले, गावात म्हातारी आई एकटी, आणि आदेशाचा अर्थ त्याला कुणीच समजावून सांगितलेला नव्हता. त्या दिवशी मी दोन मिनिटं थांबून त्याचा केस नंबर लिहून घेतला असता, तर त्याची संक्रांत घरी झाली असती. ती चूक माझी होती, आणि अजूनही ती मला टोचते.

आपल्या भागात हे वारंवार घडतं. दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्यांच्या नावावर सातबारा नसतो, असला तर त्यावर सोसायटीचं कर्ज असतं, आणि ऐपतीचा दाखला काढायला तहसीलला चार खेपा घालायच्या तर मजुरी बुडते. जामीन मंजूर होतो आणि माणूस आतच राहतो. सर्वोच्च न्यायालयासमोर १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण आलं होतं. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाचा जामीन नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायला लावलं आणि जिल्ह्याबाहेरचा जामीनदार चालत नाही ही अट खोडून काढली. हा निकाल मुळातून वाच. स्थानिकच जामीनदार हवा, असं तुला आजही ऐकू येईल, आणि त्या वेळी हा निकाल वकिलाच्या हातात असला पाहिजे.

आता वहीत काय लिहायचं ते. आत गेल्यावर माणसाला "काय केलंस?" हे कधीही विचारू नकोस. खटला कोणत्या कोर्टात आहे, केस नंबर काय, कलमं कोणती, अटक कधी झाली, चार्जशीट आलं का, मागची तारीख कधी होती आणि त्या दिवशी कोर्टात नेलं, व्हिडिओ कॉन्फरन्सवर उभं केलं, की पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून काहीच झालं नाही, पुढची तारीख कोणती, वकील कोण, जामीन झालाय का, घरी कुणाला कळवलंय, हे विचार. एका माणसासाठी एक पान. यातली निम्मी उत्तरं त्याला येणार नाहीत. ती ईकोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर, कोर्टाच्या कचेरीत आणि कारागृहाच्या रजिस्टरात शोधणं हे तुझं काम.

या पानावरून पुष्कळ गोष्टी उलगडतात. कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामीन हा त्याचा हक्क होतो, पण तो मागावा लागतो, आणि मागायच्या आत चार्जशीट आलं की हक्क गेला. म्हणून अटकेची आणि पहिल्या कोठडीची तारीख ठळक अक्षरात लिही. दुसरं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ जो न्यायाधीन बंदी म्हणून, म्हणजे निकाल लागायच्या आधीच, आत राहिला त्याला जामिनावर सोडायचं, आणि ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही त्याला एक तृतीयांश काळानंतरच. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असले तरी अडतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं की जुन्या प्रकरणांनाही हे लागू होतं. मुदत भरली की कोर्टाकडे अर्ज करायची जबाबदारी कायद्याने कारागृह अधीक्षकांवरच टाकली आहे. पण शेकडो बंद्यांत कुणाची मुदत आज भरली याचा हिशेब ठेवणारं माणूस लागतं. ते तू हो.

देशभरातला आकडा एकदाच सांगते. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन होती, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तरांहून जास्त लोकांचा गुन्हा अजून ठरलेलाच नव्हता. आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते हे. ब्लँकेट वाटपाचा फोटो काढायला संस्था पुष्कळ येतात, त्यांना मी नावं ठेवत नाही, थंडीत ब्लँकेट लागतंच. पण या चार लाखांना ब्लँकेटापेक्षा तारीख हवी आहे.

आता तू विचारलेल्या संस्थांबद्दल. सगळ्यात आधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठ. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. तिथे विधी स्वयंसेवकांची निवड होते, प्रशिक्षण मिळतं, ओळखपत्र मिळतं. पीएलव्ही म्हणतात त्यांना. त्या ओळखपत्रावर तुला कारागृहातल्या विधी सहाय्य कक्षात बसता येईल. नव्या संस्थेच्या लेटरहेडवर कुणी आत सोडणार नाही. बऱ्याच जिल्ह्यांत आता लोक अभिरक्षकांचं कार्यालयही आहे, तिथले वकील पूर्ण वेळ फक्त मोफत बचावाचंच काम करतात. त्यांच्याशी ओळख ठेव, तुझ्या वहीतलं पान शेवटी त्यांच्याच टेबलावर जायचं आहे. बंद्यांच्या घरच्यांना १५१०० हा हेल्पलाइन नंबर पाठ करायला लाव.

जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समिती असते, कुणाला सोडता येईल ते ती तपासते. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तिचे सदस्य. बैठकीची तारीख आधी माहीत करून घे आणि तुझ्या वहीतली नावं प्राधिकरणाच्या सचिवांकडे वेळेत पोचव. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी सचिवांना कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश आहे. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तेव्हा ही मदत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंडासाठी २५,००० पर्यंत होती; ती जिल्हा पातळीवरची समिती मंजूर करते. काही गंभीर कायद्यांखालची प्रकरणं तीत बसत नाहीत. माझ्या त्या ऊसतोड कामगाराच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. आज आहे, म्हणून आज कुणी तसा आत राहिला तर ते जास्त लागतं मनाला.

मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगात आणि पोलीस ठाण्यात काम करतोय. सुट्टीत तिथे महिनाभर राहून ये. समाजकार्य शिकलेला माणूस तुरुंगात नेमकं काय करतो हे तिथे दिसेल. कॉमनवेल्थ ह्युमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने तुरुंगांच्या देखरेखीवर केलेलं काम वाच. धोरणाचा पाया म्हणून तुरुंग सुधारणेवरच्या मुल्ला समितीचा १९८३ चा अहवाल आणि २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली एवढं पुरे. मुंबई-पुण्याला जेवढे हात आहेत तेवढे आपल्याकडे नाहीत, म्हणूनच तू इथं राहावंस असं मला वाटतं. छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलला मध्यवर्ती कारागृह, पैठणला खुलं कारागृह, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांतली कारागृहं, एका माणसाला जन्मभर पुरेल एवढं काम आहे.

पैठणला मात्र लवकर जा. शेतात काम करणारे, रात्री स्वतःच्या पायाने बरॅकीत परतणारे जन्मठेपेचे बंदी बघितल्याशिवाय तुझ्या मनातलं तुरुंगाचं चित्र पुरं होणार नाही. गावात नाथांचा वाडा आहे. घरात शिरलेल्या चोरांना नाथांनी जेवू घातलं आणि बोटातली अंगठीही काढून दिली, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि मोठेपणी विसरतो.

पारधी वस्तीवरची पोरं तुला आत भेटतील. त्यांच्या पानावर दुप्पट वेळ घालव. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण चोरी झाली की गाडी अजून वस्तीवरच जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या कामाची जातीवर वाटणी घटनाबाह्य ठरवली, रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला लावला आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या नियमांवरही बोट ठेवलं. झाडू कुणाच्या हातात आहे आणि स्वयंपाकघरात कोण आहे, याकडे लक्ष ठेव.

माझ्या खात्याचं एक सांगायलाच हवं, कारण ते फार थोडे वकील वापरतात. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८. आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तो घरी राहू शकतो, आणि कलम १२ मुळे दोषसिद्धीपायी कायद्याने येणारी अपात्रताही त्याला चिकटत नाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोराला याचं मोल किती ते तुला कळेल. मी अहवालासाठी घरी जायचे तेव्हा आधी शेजाऱ्यांकडे चहा घ्यायचे. घरचे रडतात, शेजारी बोलतात.

आणि ज्याच्याविरुद्ध गुन्हा झाला त्याच्याही घरी जा. हे कुणी सांगत नाही. एका खुनाच्या प्रकरणात मुदतपूर्व सुटकेच्या चौकशीला गेले असताना मयताच्या आईने मला दोन तास बसवून घेतलं. "तो सुटू द्या, पण माझ्या दारावरून जाऊ नका म्हणावं," एवढंच शेवटी म्हणाली. त्याला गाव बदलायला लावून मगच मी माझं मत लिहिलं. ती बाई माझ्या कोणत्याच फॉर्मच्या रकान्यात बसत नव्हती.

वॉर्डर लोकांशी आदराने वाग. चार माणसांची ड्युटी एक जण करत असतो. शिस्तीला चुकूनही धक्का लावू नकोस. निरोप, चिठ्ठी, तंबाखूची पुडी, काहीही आतबाहेर नेऊ नकोस, कुणी कितीही गयावया केली तरी. एकदा ते झालं की तुझ्यासाठी दार बंद होईल, आणि तुझ्यामागून येणाऱ्यांसाठीही. मारहाणीची खूण दिसली तर गप्प बसू नकोस. तारीख-वेळ घालून वहीत लिही आणि त्याच दिवशी सचिवांना लेखी कळव.

मुलाखतीच्या, म्हणजे घरच्यांनी बंद्यांना भेटायच्या दिवशी कधी तरी फाटकाबाहेर बसून राहा. पहाटेची एसटी धरून आलेली बाई, आधार कार्ड विसरली म्हणून रडणारी, काखेत पोर. तिला नियम आधी फोनवर सांगणारं कुणी असतं तर तिची खेप वाया गेली नसती. आईबरोबर आत राहणारी लेकरं सहा वर्षांची होईपर्यंतच राहू शकतात. सहावा वाढदिवस जवळ आलेल्या लेकराचं नाव तुझ्या वहीत लाल शाईने असू दे, आणि त्याच्या आजीचं किंवा बालगृहाचं ठरेपर्यंत ते पान उलटू नकोस.

सुटका बहुतेक संध्याकाळी होते. गावाची शेवटची गाडी गेलेली असते. पहिल्या रात्री तो कुठे झोपणार, हे आदल्या दिवशी विचारून ठेव.

येत्या सोमवारी विधी सेवा प्राधिकरणात जा, स्वयंसेवकांची पुढची निवड कधी आहे ते विचार आणि अर्ज दे. पहिल्या भेटीनंतर मला पत्र लिही. तुला काय वाटलं ते सावकाश लिहिता येईल. पहिल्या पानावर ज्याचं नाव असेल, त्याची पुढची तारीख कोणती आणि त्या दिवशी त्याच्या बाजूने कोण उभं राहणार आहे, एवढं मात्र पहिल्या ओळीत लिही.

तुझी,
मावशी