ग्वाल्हेरहून आलमपूर एका दिवसात होते का?

मल्हारराव होळकरांची छत्री, म्हणजे समाधीवरचे स्मारक, पाहायला ग्वाल्हेरहून सकाळी आलमपूरला जाऊन संध्याकाळी परतता येईल का आणि छत्री सोडल्यास त्या गावात आहे तरी काय, असे आपण विचारले आहे. परतता येईल. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला लिहायला बसवले, कारण माझे आजोबा तेथे होळकरांच्या कचेरीत कारकून होते.

२० मे १७६६ रोजी मल्हाररावांनी आलमपूर येथे देह ठेवला आणि अहिल्याबाईंनी तेथे त्यांची छत्री बांधली. आज भिंड जिल्ह्यात मोडणारा हा परगणा इंदूरपासून इतका दूर, शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या अगदी जवळ असूनही, १९४८ साली मध्य भारत राज्य होईपर्यंत होळकरांकडेच राहिला. माझी आजी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, म्हणजे शिंदेशाहीतली. तिला माहेरी यायचे तर संस्थान ओलांडून यावे लागे. तिने जपलेल्या पत्रांवर ‘मुक्काम आलमपूर, इलाखा होळकर’ असा पत्ता आहे. ज्या गावाने पावणेदोनशे वर्षे एका समाधीपायी वेगळे राज्य सांभाळले, तेथे काय आहे हे केवळ इमारती मोजून कळणार नाही.

इंदूरचे माझे चुलतबंधू, आमचे दादा, घरच्या प्रत्येक कार्यात सांगत आले आहेत की आजोबांची आलमपूरला बदली झाली ती शिक्षा म्हणून. हे साफ खोटे आहे. आई गेल्यानंतर तिची ट्रंक आवरताना आजोबांच्या अर्जाचा कच्चा मसुदा मला सापडला. त्यात ‘सुभेदारांच्या (म्हणजे मल्हाररावांच्या) चरणांपाशी सेवा घडावी’ हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले आहे. शिक्षा झालेला माणूस असा अर्ज करीत नाही. आईला मी एकदाच तेथे नेले होते. छत्रीच्या पायऱ्यांवर चपला काढून, पदराच्या गाठीतली शेवंतीची फुले तिने उंबऱ्यावर ठेवली, आणि वडिलांची कचेरी कोणत्या बाजूला असेल हे ती बराच वेळ दगडी खांबाला धरून पाहत राहिली.

म्हणून आपण जाल तेव्हा छत्रीचे फोटो काढून लगेच गाडीत बसू नये. बाजारातून पायी फिरावे, वृद्धांशी बोलावे आणि घरात इंदूरचे कोणी असेल तर त्यांना आग्रहाने सोबत न्यावे. इंदूरचा राजवाडा आणि कृष्णपुरा छत्र्या पाहिल्या म्हणजे होळकरांचा इतिहास संपला, असे मानणाऱ्यांनी तर अवश्य जावे. दादांना मी दर दिवाळीला बोलावतो, ते अजून आलेले नाहीत.

पावसाळ्यात मात्र हा बेत करू नका. ऑगस्ट २०२१ च्या पुरात सिंध नदीवरचे पूल वाहून गेले होते, तेव्हा निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी.