वादळानंतर मदत करणाऱ्या संस्थेत देखरेख आणि मूल्यमापन यांत नेमका फरक काय?

देखरेख काम चालू असताना सतत करायची; मूल्यमापन ठरावीक टप्प्यावर थांबून, शक्यतो बाहेरच्या माणसाकडून. पुस्तकी उत्तर एवढंच, पण त्याने काम भागत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. पत्रे, कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. समजा, तुमची संस्था अशा गावात पत्रे वाटते. 'इतक्या घरांना दिले, सह्या घेतल्या' ही झाली नुसती नोंद. देखरेख करणारा पंधरा दिवसांनी त्याच घरी जाऊन बघतो: पत्रे छपरावर चढलेत की पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेत? टेकवलेले असतील तर वासे मोडलेले असतील, नाहीतर सुतार मिळाला नसेल. हे वेळेत कळलं तर पुढच्या खेपेला लाकूड आणि मजुरीचीही सोय करता येते.

मूल्यमापनाचा प्रश्न वेगळा. पोफळीची रोपं वाटली असतील तर दुसरा उन्हाळा सरल्यावर किती जगली, ते मोजा. पोफळीला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. तोवर त्या घराचं कशावर भागलं, तेही विचारा. देणगीदाराला मात्र वर्षभरात 'परिणाम' हवा असतो, त्याला हे आधीच सांगितलेलं बरं. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने मूल्यमापनासाठी ठरवलेले सहा निकष (समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी परिणाम, टिकाऊपणा) चौकट म्हणून वापरा, सहाही रकाने भरायचा हट्ट नको.

आणि हो, सरपंचांच्या ओटीवर बसून मदत द्यायच्या घरांची यादी उतरवू नका. कोळीवाड्यात होड्या किनाऱ्याला असताना जा, बायकांशी वेगळं बोला. भाड्याने राहणारे घरपट्टीच्या यादीत नसतात, ते हमखास सुटतात.