अमेरिकेत ओळखीवर दलाली जमेल का? कारंज्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, वहिनींना डॅलसला नोकरी लागली, तुम्ही एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, सोबत येणार. कारंजा लाडला समृद्धी महामार्गालगतच्या लेआउटचे सौदे जुळवता, तसे इथल्या मराठी घरांना एजंट गाठून दिले तर दलाली मिळेल का, असं विचारलंत. मिळते, पण आपल्याकडं इसार झाला की दोन्हीकडून हातात पडते तशी नाही.

आधी व्हिसा. एच-४ वर आल्या आल्या कमावता येत नाही. साधारणपणे वहिनींचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर झाल्यावरच तुम्हाला कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मागता येतो. तोवर एक डॉलरही घेऊ नका. पैसे कारंज्याच्या खात्यात आले तरी काम इथं बसूनच केलेलं असतं.

मग दलालीचं लायसन्स. टेक्सासमध्ये १८० तासांचे कोर्स, परीक्षा, आणि नंतर एखाद्या ब्रोकरच्या हाताखाली काम. १९७४ च्या रेस्पा, म्हणजे घरखरेदीच्या व्यवहारांवरच्या अमेरिकी कायद्याच्या आठव्या कलमानुसार कर्जावरच्या घरखरेदीत गिऱ्हाईक पाठवल्याचे पैसे देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे. १०,००० डॉलरपर्यंत दंड, वर्षापर्यंत कैद. ब्रोकर-ब्रोकरमधल्या रेफरलला, म्हणजे गिऱ्हाईक पाठवल्याच्या मोबदल्याला, तेवढी सूट आहे. म्हणून कर्ज देणारा कुणी ‘माणूस पाठवा, पाचशे देतो’ म्हणाला, तर लायसन्स असलं तरी घेऊ नका.

हिशेब असा. घर चार लाख डॉलरचं आणि खरेदीदाराच्या एजंटचं कमिशन अडीच टक्के धरलं, तर १०,००० होतात. रेफरल बहुतेकदा त्याच्या २५ टक्के, म्हणजे २,५००. तेही तुमच्या ब्रोकरकडे येतात आणि ठरलेला वाटा तुम्हाला मिळतो. २५ हा आकडा रिवाजाचा आहे, कायद्याचा नाही, म्हणून ओळख करून देण्याआधीच लेखी करार करा. १७ ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक एजंट घर दाखवण्याआधी खरेदीदाराकडून कमिशनचा करार सही करून घेतात. त्यानंतर तुमचा वाटा काढायला सहसा कुणी तयार होत नाही.

मराठी मंडळाशी जोडून घेण्याचं तुम्ही लिहिलंय. इथं क्रेडिट युनियन (आपल्या पतसंस्थेसारख्या), मोठ्या संस्था आपल्या सभासदांना एजंट गाठून देणारे कार्यक्रम चालवतात आणि बऱ्याच राज्यांत सभासदाला कमिशनचा काही भाग परत मिळतो. पण रेफरल कापणारी कंपनी स्वतः परवानाधारक ब्रोकर असते. मंडळाकडे तो परवाना नाही, त्यामुळे दर घरामागं त्यांना पैसे देता येणार नाहीत. गणपतीच्या स्मरणिकेत बाजारभावानं जाहिरात खुशाल द्या. आणि या व्यवहारात मला वाटा मिळतो, हे प्रत्येक कुटुंबाला लेखी सांगा. नव्या देशात आलेली माणसं आपली भाषा ऐकून विश्वास टाकतात, त्या विश्वासाशी खेळू नये असं मला फार मनापासून वाटतं.

इथल्या लोकांना गावाकडची जमीन विकायचा विचार असेल, तर फेमा या परकीय चलनाच्या भारतीय कायद्यानुसार एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मिळू शकते. एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट घेता येतो. प्रकल्प रेरा या बांधकाम-प्लॉट प्रकल्पांच्या कायद्याखाली नोंदलेला असेल तर तुमचाही महारेरा एजंट नंबर हवा. ‘पुढं एनए होईल’ म्हणून विकले जाणारे शेताचे तुकडे मात्र इथं कुणालाच दाखवू नका.