पुण्याहून जुनी इलेक्ट्रिक गाडी बेळगावला आणताना

भावा, जुनी नेक्सॉन ईव्ही घेतलीस, बरं केलंस. पण एका दमात बेळगाव गाठायचा बेत सोड. अंतर साधारण 340 किलोमीटर, तुझी बॅटरी 30.2 किलोवॅट-अवरची. कंपनीचा एका चार्जला 312 किलोमीटरचा आकडा कागदावरचा. जुन्या गाडीला हायवेवर 180 च धर, आणि शंभरच्या वर पळवलीस तर तेही नाही. खंबाटकीच्या चढाला बॅटरीचे टक्के भराभर उतरतात. उतारावर थोडे परत येतात, पण त्यावर हिशोब बांधू नकोस.

पहिलं चार्जिंग साताऱ्यात किंवा कराडला, दुसरं कोल्हापुरात. 20 टक्क्यांच्या खाली जाऊ नकोस, कारण ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद निघतो. 80 च्या पुढं फास्ट चार्जर रांगतो, तिथं बसून चहा वाढवण्यापेक्षा पुढं निघ. निपाणी सोडली की तवंदी घाट आहेच, म्हणून कोल्हापुरात हात आखडता घेऊ नकोस.

गाडीबरोबरची 15 अँपिअरची, घरच्या सॉकेटला लावायची चार्जिंग केबल मागून घे. मी कागलला पाहुण्यांकडं रात्री लावली तर अर्थिंगच नाही! गाडीनं वीज घ्यायला साफ नकार दिला. जेवण मात्र झकास झालं.

आणि कागद: गाडी नावावर करायच्या फॉर्म 29, 30 वर सह्या, पुण्याच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28. त्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. वर्षापेक्षा जास्त इकडं ठेवणार तर बेळगावचा केए-22 नंबर घ्यावाच लागतो. विमा 14 दिवसांत नावावर करून घे.